बिनजाळ्याची नाव

१ डिसेंबर, रविवार

माहेरी जाऊन आली. साकोलीपासून दिघोरीपर्यंत गाडीत उभी. उतरून तलावाच्या पाळीवर (बांधावर) चढली तं खाली जत्रा भरलेली. ट्रकातून नाव उतरवून राहिले होते. फायबरची, वर छप्पर, लाल पडदे, बसाले गाद्या. सुनील, माझा लहान भाऊ (पुढं फक्त सु. लिहीन, हात दुखते), असा उड्या मारून राहिला होता जशी घरात नवरी आली.

"ताई, शिकारा हाय हा! काश्मीरमधी असते तसा!"

आमच्या मच्छीमार संस्थेले योजनेतून भेटला. चालवणार सु. नागपूरची कंपनी सुटली तेव्हापासून घरी बसून होता. त्यापायीच बायको माहेरी गेली. काम लागलं तं येतो म्हणते. त्याच्या तोंडावर हसू पाहून बरं वाटलं, खोटं कायले लिहू.

बाबा पाहाले आलेच नाहीत. छपरीत जाळं सांधत बसले होते.

"कायची नाव हाय वं ते?"

"हौसेची. लोकं बसतीन, फिरतीन."

"फिरतीन, अन् मंग?"

"मंग उतरतीन."

बाबानं माझ्याकडं असं पाहिलं की अर्धवट मीच आहे.

३ डिसेंबर, मंगळवार

सु.चा फोन. पंधराले उद्घाटन. नावेजवळ पाटी लावाची आहे, बाहेरचे लोक वाचतात म्हणे. शिकारा म्हणजे काय, शब्द कोठून आला, दोन ओळी. "तू मराठीची बाई ना, तुले काय." हो म्हटलं. घंटाभराचं काम.

५ डिसेंबर, गुरुवार

घंटाभराचं काम म्हणे! शाळेच्या कपाटातले सगळे कोश काढले, धुळीनं शिंका. एकात 'एक प्रकारची नाव'. वा रे वा. दुसऱ्यात म्हणे शिकारीवरून आला असावा. तिसऱ्यात शब्दच नाही. मेश्राम बाई (हिंदी शिकवतात, बाजूच्याच टेबलावर) म्हणाल्या, "फारसी असन." मोबाईलवर कोणी म्हणते काश्मिरी, कोणी म्हणते नक्की सांगता येत नाही.

शिकार करत होते त्यात बसून, तं गाद्या कायले? अन् गाद्या होत्या, तं शिकार कायची? वर्गातही हेच डोक्यात. नववीच्या पोरींनी दोनदा विचारलं, बाई, पुढं काय?

८ डिसेंबर, रविवार

आज गेली नाही गावाले. पेपर तपासाचे होते, तपासले नाहीत. यॉट हा शब्द पाहत बसली. श्रीमंतांची हौसेची नाव. शब्द डच, अन् अर्थ पाठलाग, शिकार! समुद्रावरच्या चोरट्यांच्या मागं सोडत होते हलक्या नावा. मंग इंग्लंडच्या राजाले आवडली, त्यानं हौसेसाठी ठेवली.

म्हणजे इकडं शिकार अन् तिकडंही शिकार? दोन देशांत हौसेची नाव पहिले कोणाच्या तरी मागं धावून राहिली होती? की मीच जुळवून राहिली? ह्यांना (नवऱ्याले) सांगितलं. हे म्हणे, "भाजी जळून राहिली."

जळलीच.

१५ डिसेंबर, रविवार

उद्घाटन. काय लिहू, कुठून लिहू.

सकाळी सगळं बरं होतं. सरपंचांनी रिबीन कापली, नारळ फुटला. पाहुण्यांना केशरी जाकिटं घातली. सु.नं वल्हं मारलं, शिकारा निघाला पाण्यात, हळूहळू, गोल गोल. टाळ्या. मी बी वाजवल्या.

अन् पल्याडच्या पाळीवरून बाया धावत येताना दिसल्या. धान झोडत होत्या, तशाच, डोक्याचा पदर सुटलेल्या. सगळ्यांच्या पुढं बायजाबुढी, आमच्या शेजारची, सत्तरीच्या वरची. येऊन माझा हातच धरला. "कोणाचं गेलं वं रेखा? कोणाचं लेकरू?"

मले समजेचना. मंग समजलं.

आमच्या मोहल्ल्यात नाव पाण्यात जाते ती जाळं घेऊन. बिनजाळ्याची नाव एकाच कामाले जाते, कोणी बुडालं की शोधाले. अशीच हळूहळू, गोल गोल. ती परत येत नाही तोवर मोहल्ल्यात चूल पेटत नाही, कोणी घास घेत नाही. हे मले माहीत नव्हतं असं नाही. साकोलीत राहून डोक्यातून गेलं होतं. अन् सु. तं गावातच असते, त्याच्याही डोक्यात आलं नाही! एवढे आम्ही सगळे गाद्यात अन् पडद्यात.

"कोणी नाही वं बाई, फिराले गेले ते," म्हटलं.

"फिराले? बिनजाळ्याचं?"

बायजाबुढीनं छाती बडवलेली लाल दिसून राहिली होती. मंग तीच हसली, बाकीच्याही हसल्या. सु. काठाले लागल्यावर त्याले अशा शिव्या दिल्या, "मेल्या, जीव काढला ना आमचा!" अन् दोघी-तिघी तं गादी दाबून पाहत होत्या. मले वाटलं, झालं, मिटलं.

घरी गेली तं भात झाकून ठेवलेला. बाबा जेवले नव्हते. शिकारा दिवस मावळेपर्यंत फिरून राहिला, बाबा छपरीत बसून. दिवस मावळला, नाव बांधली, मंग बाबा जेवले.

"बाबा, तुमाले तं मालूम होतं ना, सहलीचे लोकं होते म्हणून?"

"मालूम होतं."

"मंग?"

"मालूम हाय तं काय झालं? घास उतरत नाही, त्याले मी काय करू?"

१६ डिसेंबर, सोमवार

झोप नाही झाली नीट. बाबांचं आठवून राहिलं. आमच्या भागात कोणी बुडालं की बोलावणं बाबालेच. पाण्याचं त्यांना समजत होतं. रात्र असो, पाऊस असो, डोंगा, आमची मासेमारीची लाकडी नाव, काढायचे, जाळं काठावर ठेवायचे अन् जायचे. काकाले शोधाले बी बाबाच गेले होते. सख्खा भाऊ. मी लहान होती, घरात चूल नव्हती, मायनं मले मुरमुरे बी दिले नाहीत. मी रडली तं मायनं पहिल्यांदा मारलं मले.

बाबा एकदाही बिनजाळ्याचे पाण्यात हौस म्हणून गेले नाहीत. एकदाही. मंग त्यांना 'हौसेची नाव' म्हणजे काय समजन?

२२ डिसेंबर, रविवार

गेली. पाटीचा बहाणा. पाटी अजून कोरी, सु.नं नुसती रंगवून ठेवली.

शिकाऱ्याले गर्दी. साकोलीहून गाड्या, लाखांदूरहून गाड्या, पोरी पडद्याजवळ फोटो काढून राहिल्या. सु.ची कॉलर टाइट. बायकोचा फोन आला म्हणे, संक्रांतीले येतो म्हणाली.

अन् घरी बाबा सकाळपासून उपाशी. साखरेच्या बिमारीची गोळी घेऊन वर उपाशी! मी चिडली. "बाबा, जीव द्याचा हाय काय?" तं शांतपणे म्हणे, "तू शिकलेली हायेस. मले सांग ना, काय म्हणते त्या नावेले? कोठून आला तो शब्द? कायच्यासाठी केली ते समजलं तं मन मानन."

बाप्पा! म्हणजे पाटीच्या दोन ओळी आता पाटीसाठी नाही राहिल्या.

सांगितलं. शिकारीवरून असन, नक्की नाही. इंग्रजाची आहे यॉट, तेही पाठलाग.

बाबा खूश झाले! "मंग बरोबर हाय. शिकारीले गेली तं जाळं पाह्यजे. कोठं हाय जाळं?"



२४ डिसेंबर, मंगळवार

मेश्राम बाई म्हणाल्या, हौसेच्या नावेले हिंदीत बजरा म्हणतात. नवाबांची, जमीनदारांची, गाणं-बजावणं होत होतं त्यात. मले वाटलं, सापडलं! हौसच आहे पुरी. मूळ पाहाले गेली तं मूळ कोणालेच माहीत नाही. कोणी म्हणते वज्रावरून. वज्रावर बसून गाणं?

मेश्राम बाईंनी विचारलं, एवढं कायले डोकं खपवता? सांगितलं सगळं. हसतीन वाटलं, हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्या आजोबांनी धम्म घेतला, देव्हारा विहिरीत सोडला, सगळं सोडलं. पण कोणी मेलं की त्या घरी पाणी प्यायचे नाहीत. विचारलं तं म्हणत, मन सोडून देते, जीभ सोडत नाही."

शब्दानं जीभ सुटते का? मले वाटत नाही. पण दुसरं माझ्याजवळ आहे काय?

२७ डिसेंबर, शुक्रवार

सु.चा फोन शाळेत. बाबाले चक्कर. शहरातल्या लोकांना नाताळच्या सुट्ट्या आहेत म्हणून शिकारा रोज चालू, अन् बाबा रोज उपाशी. न्हाणीत पडले. दवाखान्यात सलाईन लावलं, आता घरी आहेत. सु. फोनवर रडला. "बंद करू काय ताई? तू सांग. बंद करतो."

मले सांगता नाही आलं. बंद कर म्हणावं तं त्याचा संसार. चालू ठेव म्हणावं तं बाबा. "थांब, रविवारी येतो," म्हटलं. हे म्हणे, तुझ्या येण्यानं काय होईन? खरंच आहे. तरी असं तोंडावर बोलतात काय!

२९ डिसेंबर, रविवार

आज दोन मूर्खपणे.

पहिला सु.चा. शिकाऱ्याच्या नाकाजवळ एक जुनं जाळं घडी करून ठेवलं. "घ्या बाबा, हाय जाळं. आता जेवा." बाबा काठीनं पाळीपर्यंत आले, लांबूनच पाहिलं. "कोरडं हाय," म्हणे. "मले फसवता? जाळं तं बिचारं लाजून राहिलं तिथं." अन् परत. त्यावर सहलीच्या एका बाईनं नाक दाबलं, मासळीचा वास येते म्हणून. सु.नं जाळं काढलं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी गत पोराची.

दुसरा माझा. रात्री सापडलं होतं, ते घेऊन गेली होती. साहेब लोकांची छोटी नाव, हौसेची, डिंगी म्हणतात. तो शब्द साहेबांचा नाहीच! इथूनच गेला. आपली डोंगी, आपला डोंगा, त्याच घरचा. बाबाजवळ बसली, सांगितलं. "तुमच्या डोंग्याचं नाव साहेब घेऊन गेले बाबा. अन् तिकडं त्यात बसून हौस करतात."



"माह्या डोंग्याचं?"

"हो."

"त्यायच्याकडं कोणी बुडत नाही काय वं?"

"बुडतात ना."

"मंग त्यायले शोधाले कोण जाते?"

मी उठून मायजवळ चुलीकडं गेली. चूल थंड. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. मायनं बी सकाळपासून खाल्लं नव्हतं. बाबा जेवल्याशिवाय ती जेवत नाही, कधीच नाही. म्हणजे जेवढ्या दिवस बाबा उपाशी तेवढ्या दिवस माय उपाशी. अन् आम्ही सगळे बाबा, बाबा करून राहिलो. मी सख्खी लेक, मले दिसलं नाही.

"माय, तू तं खा!"

"खाईन ना. नाव येऊ दे," म्हणे. पण त्यानंतर बोलली ते कधी नव्हती बोलली. "थकलो मी आता, रेखा. तुह्या बापाच्या पाण्याले थकलो."

१ जानेवारी, बुधवार

सु.नं फोन करून सांगितलं, रविवारनंतर चाबी संस्थेत देतो. कोणी दुसरा चालवन. पण दुसऱ्यानं चालवली तरी नाव तं पाण्यात राहीनच ना? बाबाले काय फरक? हे त्याले बी समजते. तरी देतो म्हणते. बायकोले अजून सांगितलं नाही.

मी कोश कपाटात ठेवून दिले. मेश्राम बाई म्हणाल्या, पाटीवर लिहा, 'शिकारा : एक प्रकारची नाव.' हसली मी. मंग वाटलं, पहिल्या कोशवाल्याचंही असंच झालं असन. सगळीकडं पाहून आला असन बिचारा.

५ जानेवारी, रविवार

हे सगळं आजच लिहाव, उद्या उलटंपालटं होईन.

पोहोचली तं पाळीवर माय. नवीन लुगडं, डोक्यावर पदर, पायात चप्पल. मायले मी तलावावर कपडे धुवाले सोडून कधी पाहिलं नाही. शिकाऱ्याजवळ उभी, सु.ले म्हणे, "मले बसव."

सु. म्हणे, "माय, तू?"

"काहून? बाकीच्या बाया बसतात, मले काटे हायेत काय?"

आमच्यात बाया डोंग्यात बसत नाहीत. बाबांचा डोंगा पाण्यात नसला की घराच्या मागं पालथा, मायनं त्यावर शेणाच्या गोवऱ्या वाळवल्या, मिरच्या वाळवल्या. आत कधी पाय ठेवला नाही. सु.नं हात दिला. जाकीट घातलं, तं त्यातून पदर काढता येईना, मायनं तसाच कोंबला. मी बी बसली. मले पोहता येते, तिले येत नाही, मनात तेच.

काठ सुटला. मायनं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. थोड्या वेळानं सोडला. पाण्यात बोटं घातली. मंग पलीकडं पाहिलं, आपलं घर, छपरी, मागचं चिंचेचं झाड. "एवढंसं हाय वं आपलं घर!" अन् हसाले लागली. असं हसू की सु. बी हसला, मी बी. पाण्यावरून ते कुठवर गेलं असन. मायले एवढं मोठ्यानं हसता येते हे मले इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मले रडू आलं, मी पडद्याकडं तोंड केलं.

काठावर बाबा. काठी टेकून, उभे. कधी आले कोण जाणे. चेहऱ्यावर काय होतं ते मी सांगू नाही शकत. राग नव्हता. भीती होती काय? नाव काठाले लागेपर्यंत हलले नाहीत. माय उतरली, चप्पल ओली झाली, सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी.

"अजी, डोंगा तं तुमच्याजवळ होता. इतके वर्ष मले काहून नाही बसवलं?"

बाबानं तोंड उघडलं. पाण्याकडं पाहिलं, सु.कडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. जसं काही मी सांगन. मी कायचं सांगते? मी तं एका शब्दाचं मूळ नाही सांगू शकली.

"लोकायनं चुली विझवल्या असत्या," शेवटी म्हणाले. लय हळू.

"विझवल्या असत्या. एक दिवस. मंग समजलं असतं त्यायले." अन् माय घरी निघाली.

मागं साकोलीची एक मंडळी वाट पाहत होती. सु.नं बाबांकडं पाहिलं, बाबांनी अडवलं नाही, तं त्यानं मंडळी बसवली अन् नाव काढली.

घरी मायनं चूल पेटवली. दिवस मावळायच्या आधी, नाव पाण्यात असताना! भात टाकला, लाखोरीची डाळ, पोपटाच्या (वालाच्या) शेंगांची भाजी. बायजाबुढी कुडावरून पाहून राहिली होती. मी म्हटलं, बाबाले वाढू? माय म्हणे, "त्यायचं त्यायनं पाहाव." ताट घेतलं, आपल्याच हातानं वाढून घेतलं, छपरीत बाबांच्या समोर बसली अन् जेवाले लागली. बाबांच्या आधी. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा असन.

छपरीतून तलाव दिसतो. लाल पडदे हळूहळू जाऊन राहिले होते. बाबा एकदा तिकडं पाहत, एकदा मायच्या ताटाकडं. माय खाली मान घालून जेवून राहिली होती, घाईनं नाही, नीट कालवून. मी दाराजवळ उभी.

"डाळीत मीठ कमी झालं," माय म्हणाली. कोणालेच नाही, असंच.

बाबा उठले. काठीविना. भिंतीचा आधार घेत चुलीपर्यंत गेले, मिठाचा डबा आणला, तिच्यापुढं ठेवला. ठेवून परत जागेवर नाही गेले, तिथंच बसले. मायनं मीठ घातलं, कालवलं, अन् ताट मधात सरकवलं.

तेवढ्यात पाळीवर गाडीचा हॉर्न. शेवटची गाडी, सुटली तं मुक्काम. मी पिशवी उचलली. वळून पाहिलं, बाबा तांब्यातलं पाणी घेऊन हात धूत होते. लय वेळ धूत होते, बोटं अन् बोटं, अन् डोळे पाण्यावर, त्या नावेवर.

हात धुतले, एवढं मी पाहिलं. पुढचं माहीत नाही.